लंडनची आडवी उतरंड

यजमान माझ्याशी पहिल्यांदा सलग बोलले ते लंडन शहराच्या पाण्याबद्दल. लग्नाला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. त्याआधी बोलणं नव्हतंच असं नाही, पण ते ताट वाढ, उद्या लोहाऱ्याला मुक्काम आहे, आईचं औषध कोनाड्यात ठेवलंय, एवढंच. रागीट नव्हते. आवाज चढवलेला मला आठवत नाही. बोलायची सवयच नव्हती त्यांना, आणि मला तर त्याहून नव्हती.

माझं माहेर अणदूर. घरात माणसं पुष्कळ, शेतावर मोट चालायची, तिच्या कुरकुरीत आणि हाकांत माझं गप्प राहणं कुणाच्या लक्षात यायचं नाही. सासरी आम्ही तिघंच. सासूबाई, यजमान आणि मी. तालुक्याचं गाव, देवळामागची गल्ली, शेजारपाजार सगळा पूजाअर्चा करणाऱ्यांचा. गल्लीत एक आड होता. सोवळ्यानं पाणी ओढायला बायका जमायच्या आणि मी आले की जरा सरकून जागा द्यायच्या. वाईट वागत नव्हत्या. मला दुसऱ्याच्या बोलण्यात शिरता येत नव्हतं. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, मग कळशी उचलायची. घरी सासूबाईंचं जे काय बोलणं होतं ते देवाशी. दुपारी त्या जपाला बसल्या की मी भिंतीला टेकून बसायची आणि गल्लीतला आवाज ऐकायची. तो आपल्या दाराकडे येतोय असं कधी वाटायचं आणि तो पुढं निघून जायचा.

यजमान पाण्याच्या खात्यात ओव्हरसियर होते. शिक्षण सगळं हैद्राबादला, निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेलं. घरात मराठी बोलायचे, पण लिहायचं म्हटलं की हात उजवीकडून सुरू व्हायचा. बाळबोध अक्षर लहानपणी पोथीत पाहिलं तेवढंच. जोडाक्षर आलं की थांबायचे. निजामाचं राज्य गेलं तरी काही वर्षं त्यांचं अडलं नाही. मग आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि कचेरीतला कागद मराठी झाला. त्याच सुमाराला गावाला नळाचं पाणी मंजूर झालं होतं. टेकडीवर टाकी उभी राहत होती, रस्त्याकडेला लोखंडी नळ येऊन पडले होते. वरच्या साहेबांनी यजमानांना सांगितलं की नळ टाकण्याआधी लोकांना समजावून सांगा, आणि मराठीत सांगा. देवळाच्या ओवरीत सभा ठरली.

त्या दिवशी ते घरी आले ते गप्प होते, पण नेहमीसारखे गप्प नव्हते. जेवताना आईला म्हणाले की मोठी पंचाईत झाली आहे. सासूबाई म्हणाल्या, “बोलता येतं की रे तुला.”

“बोलता येतं. पण उभं राहून इतक्या माणसांपुढं मला सुचणार न्हाय. कागद पाहिजे हातात.”

मी पोळी वाढत होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, “तुला लिहिता येतं ना?”

मी मान हलवली. चौथीपर्यंत शाळा झाली होती माझी, आणि गुरुजी म्हणायचे की अक्षर बरं आहे.

त्यांच्याकडं शिकतानाची एक जाड उर्दू किताब होती. विलायतेतल्या जुन्या शहरांनी पाणी कसं आणलं, यंत्रं कशी कशी होत गेली, असं सगळं तिच्यात होतं, मधूनमधून चित्रं. त्यांचं म्हणणं असं की माणसाला एकदम नळ दाखवला तर तो बिचकतो. नळ कुठून आला, त्याआधी काय होतं, हे सांगितलं तर भीती जाते. त्यांची स्वतःची भीती अशीच गेली असावी. दिवेलागण झाली, सासूबाईंची आरती आटोपली की आम्ही माजघरात बसायचो. कंदील मध्ये. ते किताबेतलं वाचायचे, मनाशी मराठी करायचे, मग बोलायचे, आणि मी टाक दौतीत बुडवून लिहायची.

पहिल्याच संध्याकाळी अडलं. ते म्हणाले, “तिथं दरख्ताचा तना पोखरून नल करायचे.”

दरख्त म्हणजे झाड, ते मला माहीत होतं. तना माहीत नव्हता. मी टाक तसाच धरून बसले. विचारायला मला किती वेळ लागला कोण जाणे, शेवटी म्हटलं, “तना म्हणजे?”

त्यांनी हातानं दाखवलं. मी म्हटलं, “बुंधा.”

“बुंधा,” ते म्हणाले आणि किताबेत बारीक अक्षरात काहीतरी लिहून ठेवलं. मग सगळं असंच चाललं. सीसा म्हणजे शिसं. बरमा म्हणजे गिरमिट. त्यांच्या तोंडी एक शब्द यायचा आणि मी आमच्या स्वयंपाकघरातला नाहीतर अणदूरच्या शेतातला शब्द काढून द्यायची. मला माहीत नव्हतं माझ्याजवळ इतके शब्द आहेत.

मोठमोठ्या झाडांचे बुंधे लांब गिरमिटानं आरपार पोखरायचे आणि एकापुढं एक रस्त्याखाली पुरायचे. एका बुंध्याचं टोक तासून निमुळतं केलेलं, दुसऱ्याचं तोंड रुंद केलेलं, आणि हे त्याच्यात ठोकून बसवायचं. हे मराठीत कसं सांगावं ते त्यांना सुचेना. दोन वेळा सांगितलं, मला कळलं, पण लिहिल्यावर नीट लागेना. चित्र त्यांनी माझ्यापुढं सरकवलं. मी बघितलं आणि म्हटलं, “आडवी उतरंड आहे ही. मडक्याच्या तोंडात मडकं.”

ते हसले. मोठ्यानं हसले. सासूबाईंनी आतून विचारलं काय झालं म्हणून. “काही न्हाय,” ते म्हणाले, “तुझ्या सुनेनं लंडनला उतरंड मांडली.” आणि मला म्हणाले की तसंच लिही.

त्या रात्री मला झोप लवकर लागली नाही एवढं आठवतं.

पुढच्या संध्याकाळी मी प्रश्न विचारायला लागले. मला खरोखर कळून घ्यायचं होतं, आणि विचारलं की ते किताबेतून मान वर करून माझ्याकडं बघायचे, तेही मला हवं होतं. त्या शहरात घरोघर रोज पाणी येत नसे. आठवड्यातले ठरलेले दिवस, ठरलेला वेळ. बुंध्याला बोटाएवढी शिशाची नळी जोडलेली, तिच्यातून घरच्या टाकीत पाणी पडायचं. मी म्हटलं, मग चुकलं तर? ते म्हणाले, मग पाणी वाहणाऱ्यांना बोलवायचं. ही माणसं खांद्यावर पाणी वाहून गल्लीगल्लीत ओरडत फिरायची, आणि नळ आल्याचा त्यांना राग होता. कुठं आग लागली की लोक रस्ता खणायचे, बुंध्याला भोक पाडायचे, आग विझली की लाकडाची खुंटी मारून ते भोक बंद करायचे.

नदीवरच्या पुलाखाली एक मोठं चाक होतं. ते वाहत्या पाण्यानं फिरायचं आणि पाणी वर चढवायचं. नदी समुद्राजवळची, म्हणून भरती आली की पाणी उलटं वाहतं, ओहोटीला सुलटं, आणि चाक दोन्हीकडून फिरतं. नदी उलटी वाहते हे मला पटेना. मी समुद्र पाहिला नव्हता, अजूनही पाहिला नाही. त्यांनी परातीत पाणी घेतलं, परात एका बाजूनं उचलली, मग दुसऱ्या बाजूनं. थोडं पाणी सारवलेल्या जमिनीवर सांडलं. ते पुसायला आम्ही दोघं एकदमच वाकलो.

फ्रान्सच्या एका राजानं असंच नदीत चाकांचं भलंमोठं यंत्र बसवलं होतं. त्याचा आवाज एवढा की आसपासच्या लोकांना नको व्हायचं. आणि पाणी कशाला, तर राजवाड्यातल्या कारंज्यांना. मी विचारलं, “आणि तिथल्या गावाला?”

त्यांनी पान उलटून बघितलं. म्हणाले, “गावाचं ह्यात काही न्हाय.” मग म्हणाले, “मला विचारायचं सुचलंच नव्हतं.”

कागद भरत चालले होते. रोज वाटायचं, अजून किती पानं राहिली असतील. मला ते काम संपायला नको होतं. संपलं की पुन्हा ताट वाढ आणि लोहाऱ्याचा मुक्काम, हे मला दिसत होतं. दिवसा आडावर कळशी भरताना मी संध्याकाळी काय विचारायचं ते मनात जुळवायची. बायका बोलत असायच्या, मी लंडनच्या पुलाखाली असायची. एकीनं विचारलंसुद्धा, “काय गं, गालात हसतीस? काय बातमी?” मला मूल नव्हतं, तिचा रोख तिकडं होता. मी म्हटलं काही नाही.

पंपांचं पान आलं तेव्हा एका वाक्यापाशी माझा टाक थांबला. पंपाच्या आत खालीवर होणारा दट्ट्या असतो, त्याला चामड्याची पट्टी गुंडाळलेली असायची. चामडं भिजून फुगतं, मग पाणी फटीतून निसटत नाही. मी विचारलं, “हे लिहू?”

“का?”

“चामडं आहे.”

त्यांना माझं म्हणणं कळलं नाही असं नाही. त्याच गल्लीत वाढलेले ते. पण कामाच्या बाबतीत ते फार सरळ. म्हणाले, “किताबेत आहे ते लिहायचं. ते गाळलं तर पंप कळत न्हाय.” मी लिहिलं.

सभा दुपार कलल्यावर होती. ओवरीत सतरंज्या टाकल्या होत्या. गल्लीतली सगळी पुरुष माणसं, बाजारपेठेतले व्यापारी, बाहेरगावचे काही शेतकरी. बायका खांबाच्या आडोशाला एका बाजूला. मी सासूबाईंच्या मागं बसले. यजमानांच्या हातात माझे कागद होते, आणि समोर चौरंगावर त्यांनी एक पितळी तोटी आणून ठेवली होती, लोकांना दाखवायला.

ते घरी बरेच वेळा वाचून गेले होते. तरी उभे राहिले आणि अडखळले. अक्षराला अक्षर जोडत वाचत होते. जोडाक्षर आलं की थांबायचे, लोक वाट बघायचे. मागून कुणीतरी हळूच पुढचं अक्षर पुरवलं, हशा झाला. मला प्रत्येक ओळ पाठ होती. ते अडले की माझे ओठ हलायचे, आवाज काही फुटायचा नाही. मग उतरंडीचं आलं. ते वाक्य त्यांनी न अडखळता म्हटलं. पुरुषांत खसखस पिकली, बायकाही हसल्या, आणि माझ्या शेजारची बाई म्हणाली, “कळलं बाई आता.” तेवढा वेळ मला वाटलं की सगळं निभावलं.

चामड्याचं वाक्य त्यांनी इतरांसारखंच वाचलं. अक्षरं जुळवण्यात सगळं लक्ष, आपण काय म्हणतोय ते कानावर पडतच नव्हतं त्यांच्या. वाक्य संपवून ते पुढच्या ओळीला लागले आणि समोर माणसं एकमेकांकडं बघायला लागली होती.

गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचा शब्द सगळे मानायचे, त्यांनी हात वर केला. म्हणाले, “थांबा जरा. ते त्या मुलखातलं झालं. आपल्या नळात काय आहे?”

यजमानांनी कागद खाली ठेवले. काही नाही म्हणाले असते तर कुणी उघडून बघणार नव्हतं. त्यांनी चौरंगावरची तोटी उचलली, पान्यानं तिचं डोकं फिरवून काढलं आणि आतली लहानशी काळी चकती तळहातावर घेऊन पुढं केली.

“हा वायसर,” ते म्हणाले. “चामड्याचा.”

“कशाचं चामडं?”

“ते मला माहीत न्हाय.”

मागच्या बाजूला बसलेला एक शेतकरी म्हणाला, “काका, आमची मोट कशाची हाय मग? चामड्याचीच की. तिच्याच पाण्याची भाजी खाता की तुमी.”

शेतकरी हसले. वृद्ध गृहस्थ रागावले नाहीत. म्हणाले, “मोट शेतात, बाबा. शेतातलं पाणी मी देवघरात न्हेत न्हाय.” मग यजमानांना म्हणाले, “खरं सांगितलंस, बरं केलंस.” आणि उपरणं झटकून उठले. त्यांच्यामागं गल्ली उठली. सभा मोडली असं काही म्हणता येणार नाही, बाजारपेठेतले लोक बसून राहिले, पण कागद मध्येच राहिले ते राहिलेच.

घरी येताना सासूबाई पुढं, मी मागं. दारात त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “चामडं तेवढं गाळायचं. तू तरी सांगायचंस त्याला.” मी विचारलं होतं, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या मुलावर ढकलल्यासारखं झालं असतं.

नळ आले. चौकात तोटी लागली, व्यापाऱ्यांच्या आणि इतर वस्तीच्या घरांत पाणी गेलं. आमची गल्ली मात्र आडावरच राहिली. नळ आमच्या उंबऱ्यापुढून जमिनीखालून जायचा आणि ओव्हरसियरच्या घरातच तोटी नव्हती, कारण सासूबाईंनी एकच सांगितलं होतं, मी आहे तोवर नको. यावरून लोक थट्टा करायचे. यजमानांना ती लागत नव्हती. लागलं होतं ते वेगळंच. कचेरीतला एक कारकून कुणाला तरी म्हणाला होता की ओव्हरसियर ओवरीत बाराखडी म्हणत होते. ते त्यांच्या कानावर गेलं. घरी त्यांनी ते मला सांगितलं, जेवताना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे सगळे कागद दोरीनं बांधले आणि कचेरीत नेले. मला वाटलं, फेकून देणार. ते कागद ते लोहाऱ्याच्या मुक्कामालाही न्यायचे हे मला पुढं कळलं. तिथं बसून ते एकेक ओळ वाचायचे आणि खाली तशीच गिरवायचे. पाऊसकाळ गेला, थंडी आली. एकदा आम्ही सासूबाईंना दवाखान्यात दाखवायला यष्टीनं निघालो होतो, आणि थांब्यावर उभे असताना, गाडी लांब होती तेव्हाच, त्यांनी तिच्या पाटीवरचं गावाचं नाव वाचलं. मी वाचायच्या आत. मला फार बरं वाटलं. त्यांनी इतकी मेहनत केली होती. घरी येईपर्यंत ते बरं वाटणं हळूहळू कमी होत गेलं. का, ते मला लगेच कळलं नाही.

मग संध्याकाळी ते माजघरात न बसता बाहेरच्या खोलीत बसायला लागले. कचेरीचे कागद असायचे. अहवाल, नळ कुठं फुटला, टाकी कधी धुतली. सगळं मराठीत, स्वतः लिहीत. एकदा कंदिलात तेल घालायला मी गेले आणि वाकले तेव्हा कागद दिसला. ते माझं अक्षर होतं. माझा ल, माझा श, ख चा पाय मी जसा पुढं ओढते तसा ओढलेला. त्यांना गिरवायला दुसरं अक्षर मिळालंच नव्हतं. बाईच्या वळणाचं आहे म्हणून त्यांना कुणी कचेरीत हसलं का मला माहीत नाही. त्यांना ते माझ्यासारखं आहे हे तरी माहीत होतं का, तेही माहीत नाही. मी तेल घातलं, काच पुसली, आणि त्यांनी मान वर न करता म्हटलं, “हं, झालं का?”

माजघरात मी एकटी बसायची. कान बाहेरच्या खोलीकडं. कागदावर टाकाची कुरकुर ऐकू यायची. पूर्वी मी लिहायची तेव्हा ती त्यांना ऐकू येत असेल.

असे बरेच दिवस गेले. मी मनाशी एक ठरवत होते आणि रोज पुढं ढकलत होते. ती उर्दू किताब आता त्यांना लागत नव्हती. कपाटात वर गेली होती. एका संध्याकाळी सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. मी ती किताब काढली, पुसली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिले. त्यांनी बघितलं.

मी म्हटलं, “मला ही लिपी शिकवाल?”

आयुष्यात मी त्यांच्याकडं मागितलेलं ते एकच. लुगडं कधी मागितलं नव्हतं, माहेरी जायचंसुद्धा त्यांनाच सुचू द्यायची मी.

त्यांनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, “आता कशाला? सगळं मराठीत आलंय. पुढं हे कुणी वाचणार न्हाय.”

“तुम्हाला येतं म्हणून,” मी म्हटलं. याहून जास्त मला बोलता आलं नाही.

त्यांना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी किताब माझ्या हातातून घेतली, कचेरीच्या कागदाचा एक तुकडा फाडला आणि त्याच्यावर वरून खाली एक रेघ ओढली. “हा अलिफ,” म्हणाले. टाक माझ्या हातात दिला. मी तशीच रेघ ओढली. अवघड असेल असं मला वाटलं होतं, ती नुसती उभी रेघ होती. “बरोबर,” ते म्हणाले, आणि पुन्हा अहवाल पुढं ओढला. सकाळच्या गाडीनं त्यांना लोहाऱ्याला जायचं होतं, तो संपवायचा होता.

त्या मुक्कामाहून ते आले तेव्हा टाकीचं काहीतरी बिघडलं होतं आणि ते त्यातच होते. पुढं बदली झाली, मग आणखी एक. दुसरं अक्षर कधी झालं नाही.